ज्याची चूक, त्याची ओळ

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवायचा? माणसावर, मशीनवर, की मशीनबद्दल माणसानं लिहून ठेवलंय त्याच्यावर? जल्दी नाही. चहा येऊ द्या, तोवर विचार करा.

दुकानदाराकडं किस्से साचतात ते पोत्याच्या तळाशी माती साचते तसे. कोणी मुद्दाम भरत नाही, पण पोतं झटकलं की पसाभर निघतेच. माझं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला. जालना जिल्हा नवा नवा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं टाइपरायटर आले आणि टाइपरायटरमागं रिबिनी विकायला मी आलो. शिक्षण दहावी. पुढं कॅल्क्युलेटर, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर. जे विकलं ते आधी उघडून बघितलं, एवढीच माझी शाळा.

आज सांगतो ते एका बियाणे कंपनीच्या ऑफिसातलं. नाव विचारू नका, सांगणार नाही. माणसं मात्र सगळी ओळखीची होऊन जातील.

*

कंपनीत डॉक्टर मुळे होते. दवाखान्याचे नव्हेत, बाजरीचे. नवं वाण काढायचं म्हणजे शेकडो वाणांची मापं घ्यायची. कणीस केवढं, फुलोरा कधी, रोग किती पडला, आणि ती सगळी मापं एकमेकांशी ताडून बघायची. हे गणित एका कॉम्प्युटरला ओढेना, आणि मोठं मशीन घ्यायला कंपनी तयार होईना.

तेव्हा बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारा इंगळे नावाचा इंजिनिअर म्हणाला, ऑफिसातले जुने कॉम्प्युटर एकमेकांना जोडू आणि सगळ्यांना मिळून एकच काम देऊ. त्याला क्लस्टर म्हणतात. हे मला समजावून सांगायला त्यानं कागद-पेन काढलं. मी म्हणालो, ठेव ते. काळ्या रानात लोखंडी नांगर एका जोडीला ओढत नाही, तेव्हा चार जोड्या जुंपतात, तसंच ना? इंगळे बघतच राहिला. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव मग 'जुंपणी' पडलं.

त्याला माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर टाइप करायचे हुकूम. कुठला हुकूम काय करतो ते आठवलं नाही, तर 'जुंपणी मदत' असं टाइप करायचं. लगेच मदतीच्या ओळी पडद्यावर यायच्या. सगळे किस्से त्या ओळींचेच आहेत.

*

जुंपणी चालवायला होत्या वंदनाबाई खरात. माहेर वडीगोद्रीचं, शिक्षण बी.एस्सी., आणि आवाज असा की त्यांनी नाव पुकारलं तर शेजारच्या बँकेतला माणूस उठून उभा राहावा. नवरा सळईच्या कारखान्यात होता. तापलेली सळई पायावर आली, तेव्हापासून घरीच. घर बाईंच्या पगारावर चालायचं. इंगळे त्यांना ताई म्हणायचा आणि त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी हक्कानं खायचा. त्या त्याला आडनावानंच हाक मारायच्या.

इंगळेनं पहिली मदत इंग्रजीत लिहिली. बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"इंगळे, ज्याला हे कळंल त्याला वाचायची गरज न्हाई. अन् ज्याला गरज हाय त्याला कळणार न्हाई. मंग तू लिहिलं कोणासाठी, सासऱ्यासाठी?"

इंगळेचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

मीही रेटलं, कारण मदत कळली नाही की फोन माझ्या दुकानात वाजायचा. मदत मराठीत झाली. पडद्यावर अक्षरं इंग्रजीच यायची, पण बोली आपली.

*

आता डॉक्टरांची ओळ.

एका हंगामात डॉक्टरांनी घाईत गणित चालवलं. जुंपलेल्या मशिनींपैकी काही सुरूच झालेल्या नव्हत्या. जुंपणीनं तक्रार केली नाही. जेवढ्या जाग्या होत्या तेवढ्यांवरची मापं घेतली आणि उत्तर दिलं. उत्तर दिसायला एकदम साफ. डॉक्टरांनी ते धरलं आणि शेवटच्या नंबरांची वाणं शेतातून उपटून टाकली. गाडीभर बाजरी गुरांपुढं गेली. मग कळलं, उपटलेल्यांत त्यांचं केवडा रोगाला दाद न देणारं वाण होतं. डबीत मूठभर बियाणं मागं ठेवलेलं होतं, ते किड्यानं पोखरलेलं निघालं.

डॉक्टर तापट माणूस. आता इंगळेची खैर नाही असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर आले, इंगळेच्या खुर्चीमागं उभे राहिले आणि शांतपणे मजकूर सांगायला लागले. "लिही. सगळ्या मशीन उठल्या का ते आधी बघा. नाही तर उत्तर येतं, पण अर्धं येतं. आणि अर्धं आहे हे त्याच्याकडं बघून कळत नाही. खाली माझं नाव टाक."

इंगळे म्हणाला, सर, नाव कशाला?

"नाव असलं की वाचणारा थांबतो. त्याला वाटतं, हा एवढा शिकलेला पडला, तर आपण कोण."

तिथून रिवाज पडला. ज्याची चूक, त्याची ओळ, आणि ओळीखाली त्याचं नाव. नाव नसलेली सावधगिरीची ओळ मदतीत जायची नाही.

*

गफूरभाई ऑफिसचे राखणदार. एका दुपारी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीतून जळका वास आला. आत डॉक्टरांचं मोठं गणित चालू होतं. गफूरभाईंनी कोणाला विचारलं नाही. व्हरांड्यात आले आणि मेन स्विच ओढला. सगळ्या मशीन एका दमात गार, बऱ्याच दिवसांचं काम पाण्यात. स्टॅबिलायझर उघडून बघितला तर आत उंदीर करपलेला, बाकी काही नाही.

सगळे त्यांच्यावर घसरले. निदान विचारायचं तरी, असं कोणी तरी म्हणालं. गफूरभाई इंगळेकडं वळले.

"लिखो बाबा. जलने की बू आई तो पहले मेन खींचो, पूछना बाद में. नीचे मेरा नाम डालो."

ही काय कॉम्प्युटरची मदत झाली का, म्हणून ऑफिसात हसाहशी झाली. गफूरभाई जाऊन पायरीवर बसले. मी मागून गेलो आणि म्हणालो, एवढं मनाला का लावून घेता? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ एका जिनिंगमध्ये होता. कापसाच्या गंजीनं पेट घेतला. मेन ओढायचा तर मालकाची परवानगी लागायची, म्हणून एका माणसाला सायकलवर मालकाच्या घरी पाठवलं. भाऊ आतच होता.

"परवानगी मिली, सेठ. बराबर मिली. आदमी लेके आया."

ओळ मदतीत राहिली. पुन्हा कोणी हसलं नाही.

*

एक जरा हलकी सांगतो, नाही तर तुम्ही उठून जाल.

इंगळेचं लग्न ठरलं. रजेवर जाताना तो जुंपणीचा पासवर्ड आपल्या डोक्यातच घेऊन गेला. मदतीचा मजकूर असो की प्रोग्राम, त्या पासवर्डाशिवाय काही बदलता यायचं नाही. नेमकी एक मशीन अडली. शेवटी वंदनाबाई माझ्या स्कूटरवर मागं बसून बदनापूरला लग्नात गेल्या. अक्षता व्हायच्या होत्या. बाई गर्दी सारत बोहल्यापर्यंत पोचल्या आणि बाशिंग बांधलेल्या नवरदेवाच्या तोंडाला कान लावला. नवरदेव कुजबुजला. बाईंनी मान हलवली आणि तशाच परत फिरल्या.

नवरीकडच्या बायकांत जी चर्चा सुरू झाली ती इंगळेला जेवणाच्या पंगतीपर्यंत निस्तरावी लागली. रजेवरून आल्यावर त्यानं आपणहून ओळ घातली: 'पासवर्ड लग्नाला नेऊ नये. इंगळे.' आणि लगोलग पासवर्ड बदलला. नवाही त्यानं कोणाला सांगितला नाही, तो भाग वेगळा.

*

मग नवे मॅनेजर आले. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. घाईतला माणूस वाईटापेक्षा महाग पडतो, हे मी दुकानात बसून शिकलो.

हेड ऑफिसचे पाहुणे येणार होते. साहेबांना त्यांच्या डोळ्यांदेखत, एका हुकमात, सगळं क्लस्टर उभं करून दाखवायचं होतं. जुंपणीत 'नवी' नावाचा हुकूम होता. त्याचं काम एवढंच, की एखादी नवीन मशीन आली तर तिला बाकीच्यांच्या जोडीला घ्यायचं. साहेबांनी इंगळेकडून तो बदलून घेतला. आता 'नवी' म्हटलं की सगळ्या मशीन सोडायच्या, पुसून कोऱ्या करायच्या आणि नव्यानं जुंपायच्या. प्रात्यक्षिकासाठी माझ्या दुकानातून कोऱ्या मशीन नेल्या, म्हणून त्या दिवशी काही बिघडलं नाही.

इंगळे म्हणाला, हुकूम बदलला, आता मदतीतली ओळही बदलावी लागेल, एक दिवस द्या. मी तिथंच बिल घेऊन उभा होतो.

"पाहुणे काय मदत वाचायला येतायत?" साहेब म्हणाले. "ते नंतर."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंगळेला दुसरं काम लागलं, त्याच्यामागं तिसरं. बाजारात मी एक बघितलंय, 'नंतर' हा शब्द जो म्हणतो त्याच्या अंगावर तो कधी पडत नाही.

*

काही महिन्यांनी एक मशीन बंद पडली. बदली मशीन घेऊन मी स्वतः गेलो. वंदनाबाईंनी मदत उघडली. त्यांना सगळं पाठ होतं, तरी पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची त्यांची सवय. वाचलं तेही मी ऐकलं: "नवी. नवीन आलेली मशीन जोडीला घेते." बाईंनी 'नवी' टाइप केलं.

एका मशीनला लागतो त्यापेक्षा वेळ फार लागायला लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेठ, ही तुमची मशीन लई हळू हाय." मी म्हणालो, नवीन नवरी आहे, बुजतीये. आम्ही दोघंही हसलो. पुढं पडदा थांबला आणि बाईंनी डॉक्टरांची मापं उघडून बघितली, तर काहीच नव्हतं.

दुसरी प्रत होती. पण ती जुंपलेल्यांपैकीच दुसऱ्या मशीनवर. शेतातल्या मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. म्हणून तर सगळं कॉम्प्युटरवर घेतलेलं.

इंगळे धावत आला. बघितलं आणि खालीच बसला. मग आमच्यासमोर म्हणाला, "ताई, तुमची चूक न्हाई. 'नवी' मी बदललं. मदत बदलायची राह्यली." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

डॉक्टरांना बोलवायला कोणाचे पाय उचलेनात. ते आपणच आले. त्यांना सगळं सांगितलं. ते शीतपेटीकडं गेले, बियाण्यांची पाकिटं काढली, टेबलावर मांडली.

"बियाणं आहे," ते म्हणाले. "पाकिटांवर नंबरही आहेत. कुठला नंबर म्हणजे कोण, हे आता कोणालाच माहीत नाही."

थोड्या वेळानं त्यांनी ती पाकिटं पुन्हा नंबरवारीनं लावली आणि आत ठेवून दिली. त्यानंतर ते शेताकडं गेले नाहीत. रजा टाकली, पुढं नोकरीच सोडली.

*

हेड ऑफिसहून चौकशीला दोन माणसं येणार असं कळलं. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. बोलणं गोड. तुम्ही मशीन घेऊन आलात तेव्हा मदतीत बरोबर ओळ होती, बाईंनी ती वाचली नाही, एवढं म्हणायचं. मशिनींच्या देखभालीचं काम तुमच्याकडंच राहील, त्याची काळजी नको.

मी म्हणालो, "साहेब, मी माल विकतो. मागची तारीख विकत न्हाई."

हे मी फार मोठा म्हणून बोललो असं समजू नका. ज्या गिऱ्हाइकाला आज मागची तारीख दिली, तो उद्या माझ्याच बिलावर मागची तारीख मागतो, एवढा साधा हिशोब. साहेब हसले. देखभालीचं काम पुढच्याच महिन्यात दुसऱ्याकडं गेलं.

इंगळेलाही बोलावलं होतं. त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. त्याची बायको पोटुशी होती, सातवा सरलेला. दुसऱ्या दिवशी मदत उघडली तर तिच्यात ओळ होती: 'नवी. सगळं पुसून नव्यानं जुंपते. सावधान.' फाइलीवरची तारीख जुनी. ओळ अगदी बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही. फक्त खाली नाव नव्हतं.

चौकशीवाल्यांनी बाईंना विचारलं, ही ओळ तुम्ही वाचली नाही का?

"ही काल न्हवती."

साहेब म्हणाले, पहिल्यापासून आहे.

"मंग हिच्याखाली नाव कोणाचं हाय ते दाखवा."

चौकशीवाले एकमेकांकडं बघायला लागले. नाव म्हणजे? बाईंनी रिवाज सांगितला. डॉक्टरांची ओळ दाखवली, गफूरभाईंची दाखवली, लग्नाची दाखवली. लग्नाच्या ओळीला दोघं मनापासून हसले. त्यापलीकडं त्यांच्या डोक्यात काही गेलं नाही.

मग मी बोललो. बाईंनी वाचलं ते माझ्या कानांनी ऐकलंय, ओळ वेगळी होती, आणि मदत बदलायची राहिली हे इंगळे आमच्यासमोर बोललाय. त्यांतल्या मोठ्यानं विचारलं, तुमच्याकडं लेखी काही आहे का?

"साहेब, लेखी होतं तेच तर बदललंय."

हे त्यानं लिहून घेतलं नाही.

शेवटी इंगळेला उभं केलं. प्रोग्राम तुमचा, मदत तुमची, तुम्हीच सांगा ओळ कधीची. इंगळे जमिनीकडं बघत राहिला. 

"बोल की रे, प्रकाश," बाई म्हणाल्या.

इंगळेचं नाव प्रकाश आहे हे त्या दिवशी मला कळलं. इंगळे काही बोलला नाही. चौकशीवाल्यांनी जरा वाट बघितली आणि म्हणाले, ठीक आहे, म्हणजे होती.

*

बाईंना कामावरून काढलं. शेवटच्या दिवशी मी ऑफिसात गेलो होतो, त्यांना घरी सोडायला. टेबलाचा खण रिकामा झाला होता, डबा पिशवीत गेला होता. तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. म्हणाले, "बाई, तुमचा तो रिवाज आहे ना, ज्याची चूक त्याची ओळ? मग जाताना तेवढी लिहून जा. सावधानच्या ओळीखाली नाव नाही अशी तुमचीच तक्रार होती."

खोलीत गफूरभाई होते, मी होतो, इंगळे होता. इंगळेनं पासवर्ड टाकला आणि खुर्चीवरून उठला. बाई बसल्या. मला वाटलं आता त्या रडतील नाही तर साहेबांना चार शब्द सुनावतील. त्यांनी चष्मा पुसला, एकेक अक्षर शोधावं तसं सावकाश टाइप केलं आणि उठल्या.

पडद्यावर ओळ होती: 'नवी म्हणण्याआधी इंगळेला विचारा. इंगळे गप्प बसला तर समजून घ्या. वंदना खरात.'

साहेबांचा चेहरा उतरला. ही काढून टाक, असं इंगळेला फर्मावून ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. पासवर्ड इंगळेकडंच. ओळ ठेवायची तरी त्याच्याच हातानं, पुसायची तरी त्याच्याच. तो बसला. ओळ वाचली. मग त्याची बोटं चालली. पडदा त्याच्या पाठीआड होता, मला काही दिसलं नाही.

"काढली का?" साहेबांनी वळून विचारलं.

इंगळे गप्प बसला.

आता हा हिशोब तुमच्याकडं दिला. इंगळेच्या खात्यावर जमा काय अन् नावे काय, ते तुम्हीच मांडा. माझी विनंती एवढीच, मांडाल ते इमानदारीनं मांडा.